डब्यावरची ओळ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

साल १९९१. माझा धाकटा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात तो रंगखात्यात लागला होता. लोखंडी भागांवर रंगाची फवारणी करायची आणि पाळी संपली की फवारणीची बंदूक थिनरने धुऊन ठेवायची, हे त्याचे काम. एका संध्याकाळी बंदूक धुताना नळीत अडकलेला दाब एकदम सुटला आणि थिनरचा हबका सरळ त्याच्या उजव्या डोळ्यात गेला.

पुढचा अर्धा-पाऊण तास काय काय झाले ते आजही आठवते. सोबतच्या एकाने डोळ्यात फुंकर घातली. दुसऱ्याने कुठून तरी एरंडेल पैदा केले आणि दोन थेंब सोडले. मग त्याला सायकलच्या दांडीवर बसवून घरी आणले. अम्मी गुलाबजलाची बाटली घेऊन धावली. शेजारच्या काकू वाटीत दूध घेऊन आल्या. सगळ्यांची माया खरी होती. पण नळाखाली डोळा धरायचे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही.

डॉक्टरांनी पहिले काम तेच केले. भरपूर पाण्याने डोळा धुतला, धुतच राहिले. मग माझ्याकडे वळून विचारले, "डोळ्यात गेले ते नेमके काय होते? डबा कुठे आहे?"

मी सायकल काढली आणि कारखान्यात गेलो. भावाने वापरलेला डबा म्हणजे झाकण कापलेला खाद्यतेलाचा जुना डबा होता. त्यावर भुईमुगाच्या शेंगांचे चित्र. फोरमन म्हणाले, "अहो, थिनर म्हणजे थिनर. त्यात काय विचारायचे?" शेवटी कोठीतले मोठे पिंप दाखवले. त्यावर इंग्रजी कागद चिकटवलेला होता, पण तोटीतून गळणाऱ्या थिनरनेच त्यावरची शाई धुऊन नेली होती. खाली एक ओळ तेवढी शिल्लक होती. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, अशा अर्थाची. मी बी.ए. झालेलो, म्हणून मला ती वाचता आली. त्या खात्यातल्या अकरा जणांपैकी एकालाही ती वाचता येण्याजोगी नव्हती.

भावाचा डोळा वाचला. कडक उन्हात आजही त्यातून पाणी येते, एवढेच. पण ती अर्धवट पुसलेली ओळ माझ्या डोक्यातून गेली नाही. मी शब्दांशी खेळणारा माणूस. ही ओळ लिहिली कोणी, कशाच्या आधारावर लिहिली आणि ती माझ्या भावापर्यंत का पोचली नाही, हे शोधण्याचा नाद लागला. त्या ओळीचा इतिहास आज सांगायचा आहे.

आधी थिनरविषयी. एखादा पदार्थ विरघळवणारा द्रव म्हणजे द्रावक. कारखान्यात त्याला सरळ सॉल्व्हंट म्हणतात. रंग पातळ करायला, शाई सुकायला, डिंक चिकटायला, तेलकट भाग धुवायला तो लागतो. आपल्या जिल्ह्याला हे काही परके नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे गावोगाव धुराडी उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. साखरेमागे मळी येते आणि मळीमागे स्पिरिट. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला त्या स्पिरिटपासून एथिल ॲसिटेट तयार होते. पिकल्या फळासारखा गोडसर वास येणारा हा द्रव शाईत, रंगात, नखांचे पॉलिश काढण्याच्या बाटलीत जातो. म्हणजे आपल्याच मातीतल्या उसाचा रस असा फिरून द्रावक होऊन देशभर जातो.

द्रावकाचा गुण तोच त्याचा अवगुण. तो तेलकटपणा विरघळवतो. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि त्या थरावर तेलाची तलम साय. त्याखाली बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. द्रावक आत गेला की ती साय जाते आणि पडद्याच्या वरच्या पेशी सोलवटतात. आग होते, डोळा लाल होतो, दिसणे धूसर होते. बहुतेक द्रावकांची इजा काही दिवसांत भरून येते. चुना किंवा कॉस्टिक सोडा यांचे तसे नाही. ते पडदा भेदून आत उतरतात आणि दृष्टी कायमची नेऊ शकतात. कोणता द्रव कोणत्या जातीचा, हे नुसते पाहून कळत नाही. दोन्ही पाण्यासारखेच दिसू शकतात. मग कळायचे कसे? कोणाच्या तरी डोळ्यात घालून पाहायचे. प्रश्न एवढाच, की कोणाच्या?

बराच काळ हे उत्तर माणसांच्याच डोळ्यांनी दिले. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्यूर नावाचा पापण्या रंगवण्याचा रंग विकला जात होता. त्यातल्या रसायनाने काही स्त्रियांचे डोळे गेले, एकीचा तर जीव गेला. तेव्हाच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधने बसतच नव्हती, त्यामुळे सरकारला माल जप्त करता येईना. १९३७ साली एका औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हा औद्योगिक द्रावक वापरला गेला आणि शंभरावर माणसे दगावली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. लोक खवळले आणि १९३८ साली अन्न, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांचा नवा कायदा झाला. आता सरकारला मोजमाप हवे होते. धोका आहे म्हणून भागणार नव्हते, किती आहे ते आकड्यात सांगायला हवे होते.

हे काम जॉन ड्रेझ यांच्याकडे आले. त्याआधी ते अमेरिकी लष्करासाठी मस्टर्ड गॅससारख्या युद्धातल्या रसायनांचा अभ्यास करत होते. १९४४ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक पद्धत प्रसिद्ध केली. पांढरा ससा घ्यायचा. त्याच्या एका डोळ्याची खालची पापणी ओढून तिच्या खोबणीत पदार्थाचा एक दशांश मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब, सोडायचा. दुसरा डोळा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. मग ठरावीक तासांनी, ठरावीक दिवसांनी पाहायचे आणि गुण द्यायचे. कॉर्निया किती गढुळला याला ८० पर्यंत गुण, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला १०, पापणीच्या आतल्या अस्तराला २०. एकूण ११० गुण. शाळेत जास्त गुण मिळाले तर कौतुक होते. इथे ११० गुण म्हणजे डोळा गेला.

ससाच का? डोळा मोठा, प्राणी गरीब, पाळायला स्वस्त. तो माणसापेक्षा फार कमी वेळा पापणी मिटतो आणि त्याच्या डोळ्याला पाणीही कमी येते, त्यामुळे घातलेला पदार्थ वाहून जात नाही. निसर्गाने दिलेला भोळेपणा त्याला असा भोवला. त्याने पंजाने डोळा चोळू नये म्हणून मान खोक्यात अडकवून ठेवत.

त्या मूळ पद्धतीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका पदार्थासाठी नऊ ससे घेतले जात. तिघांचे डोळे धुवायचेच नाहीत. तिघांचे दोन सेकंदांनी आणि उरलेल्या तिघांचे चार सेकंदांनी कोमट पाण्याने धुवायचे. म्हणजे पाण्याचा उपयोग होतो का आणि उशिराची किंमत काय, हेही त्यात तपासले जाई. पाण्याने धुवावे हे शहाणपण जुनेच आहे. पण दोन सेकंद आणि चार सेकंद यांतला फरक कोणी तरी डोळा देऊन दाखवला आहे. माझा भाऊ नळापर्यंत पोचला तोवर पाऊण तास उलटला होता.

दोनच वर्षांनी, १९४६ साली, ही वाट कारखान्यांकडे वळली. पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये युनियन कार्बाइड या कंपनीच्या पैशावर चालणारा एक विषशास्त्र विभाग होता. हे कंपनीचे नाव लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत. तिथल्या कार्पेंटर आणि स्माइथ या दोन शास्त्रज्ञांनी १८० रसायने सशांच्या डोळ्यांवर तपासली आणि प्रत्येकाला १ ते १० अशी प्रत दिली. त्यांत रोजच्या वापरातले औद्योगिक द्रावक होते. कोणते नुसते झोंबते आणि कोणते जाळते, याची ही पहिली मोठी यादी. १९६० साली अमेरिकेत घातक पदार्थांच्या डब्यावर सूचना छापणे सक्तीचे झाले आणि पुढे सशाची चाचणी त्या सूचनांचा आधार ठरली. नगरच्या कोठीतल्या पिंपावर मी वाचलेल्या ओळीचे मूळ गाव ते.

आता एक अडचण पाहा. एवढे करून मिळालेले आकडे भरवशाचे होते का? १९७१ साली मेलनचेच कॅरल वाइल आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट स्काला यांनी हे तपासले. वीसहून अधिक प्रयोगशाळांना त्यांनी तेच ते पदार्थ तपासायला दिले. एकीने ज्याला सौम्य म्हटले त्यालाच दुसरीने तीव्र म्हटले. डोळा गढुळला की नाही, लाली किती, हे शेवटी बघणाऱ्याच्या नजरेवर होते. शिवाय सशाचा कॉर्निया माणसापेक्षा पातळ. सशाने डोळा दिला, पण त्याची साक्ष नेहमीच आपल्याविषयी खरी होती असे नाही.

माणसांचे मनही बदलत होते. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली होती. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांच्या वेदना कमी करा. वीस वर्षे ती सूत्रे पुस्तकात होती. १९८० साली हेन्री स्पायरा नावाच्या न्यूयॉर्कमधल्या एका शाळाशिक्षकाने रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीला उद्देशून वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. सौंदर्यासाठी किती ससे आंधळे करणार, असा त्या जाहिरातीचा रोख होता. वर्ष संपायच्या आत रेव्हलॉनने पर्याय शोधण्यासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यासाठी केंद्र निघाले.

पर्याय निघायला वेळ लागला, पण निघाले. कोंबडीच्या अंड्यात कवचाखाली रक्तवाहिन्यांचे तलम जाळे असते, त्यावर पदार्थ टाकून पाहायची रीत आली. खाटीकखान्यात एरवी टाकून दिले जाणारे कोंबड्यांचे आणि जनावरांचे डोळे वापरायच्या पद्धतींना २००९ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. माणसाच्या पेशी वाढवून तयार केलेल्या कॉर्नियासारख्या पापुद्र्यावरची चाचणी २०१५ साली मान्य झाली. जिथे अजूनही ससा वापरावा लागतो, तिथे आधी भूल आणि वेदनाशामक द्यावे, हा नियम २०१२ साली आला. १९४४ ते २०१२, म्हणजे भूल द्यावी हे नियमात लिहायला ६८ वर्षे लागली.

आपल्या देशात मे २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तशी तपासलेली प्रसाधने आयात करायलाही. दक्षिण आशियात हे पाऊल आपण पहिल्यांदा टाकले. मात्र ही बंदी काजळ-पावडरीपुरती आहे. कारखान्यातल्या द्रावकांना ती लागू नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, सशांची कणव योग्यच, पण माणसांचे काय? मलाही तोच प्रश्न पडतो, आणि मला वाटते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. आता त्या कंपनीच्या नावाकडे वळू.

१९६३ आणि १९७० साली युनियन कार्बाइडने त्याच मेलन इन्स्टिट्यूटमध्ये आणखी एका रसायनाच्या चाचण्या करवून घेतल्या. ते द्रावक नव्हते, कीटकनाशकाच्या कारखान्यात लागणारे मधले रसायन होते. मिथाइल आयसोसायनेट त्याचे नाव. ते अत्यंत विषारी आहे, हे त्या अहवालांत नोंदलेले होते. ते अहवाल लोकांसाठी प्रसिद्ध झाले नाहीत. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये तेच रसायन टाकीतून सुटले. लोक जागे झाले ते डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग होऊन. डोळे मिटलेल्या अवस्थेत माणसे रस्त्यांवर धावली आणि धावताना अधिकच वायू छातीत ओढत गेली. ओले फडके तोंडावर धरा, एवढे सांगणाराही त्या रात्री कोणी नव्हता. इस्पितळातल्या डॉक्टरांना कोणता वायू आहे आणि त्यावर काय करायचे, हे कंपनीकडून धड कळले नाही. हजारो माणसे गेली. वाचलेल्यांपैकी कित्येकांच्या डोळ्यांचे दुखणे पुढे वर्षानुवर्षे राहिले.

म्हणजे ज्ञान होते. प्राण्यांच्या जिवावर मिळवलेले होते, कागदावर लिहिलेले होते. ज्याला त्याची गरज होती, त्याच्यापर्यंत ते गेले नाही. प्राण्याचा बळी घेऊन ज्ञान मिळवले आणि ते कपाटात ठेवले, तर तो बळी फुकट गेला. त्याहून मोठी क्रूरता मला माहीत नाही. भोपाळची गोष्ट प्रचंड आहे आणि माझ्या भावाची मोहरीएवढी. पण दोन्हीकडे चूक एकाच जागी झाली. डोळा आणि माहिती यांच्यामध्ये कोणी तरी दार लावून घेतले होते.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांचे माहितीपत्रक आणि डब्यावरची सूचना सांगितली. कारखान्यात लावायच्या सूचना बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत असाव्यात, हे तर १९४८ च्या मूळ कायद्यातच होते. माझ्या भावाचा अपघात या सगळ्यानंतरचा. कायदा पिंपापर्यंत आला होता. पिंपातून तेलाच्या डब्यात ओतताना तो सांडला.

लहान कारखान्यांत, गॅरेजात, छापखान्यांत खरी मेख ही ओतण्याची आहे. मोठ्या पिंपातून लहान डब्यात, डब्यातून पाण्याच्या बाटलीत. दर वेळी वस्तू तीच राहते आणि नाव गळून पडते. मी स्वतः उमेदीच्या वर्षांत एका छापखान्यात मुद्रिते तपासायचो. तिथे खिळे धुवायचे रॉकेल आणि प्यायचे पाणी सारख्याच बाटल्यांत, एकाच फळीवर असे. आम्ही अक्षरांचे कारागीर, पण त्या बाटलीवर एक अक्षर लिहायचे कोणाच्या मनात आले नाही.

भावाने पुढे नोकरी सोडली आणि गाड्यांना रंग देण्याचे छोटे गॅरेज टाकले. ते सुरू करायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "भाईजान, तुम्ही एवढ्या कविता लिहिता. माझ्या डब्यांसाठी एक ओळ लिहून द्या." मी बसलो. खूप खोडाखोड केली. माझ्या कुठल्याही कवितेवर एवढी केली नसेल. शेवटी त्याने ऑइलपेंटने प्रत्येक डब्यावर उतरवले ते हे:

"थिनर. डोळ्यात गेले तर आधी पाणी, पंधरा मिनिटे. मग दवाखाना. हा डबा सोबत न्या."

गॅरेजात शिरताच डाव्या हाताला त्याने एक नळही बसवून घेतला, डोळ्यांच्या उंचीवर. परवा गेलो तेव्हा पाहिले, डब्यांवर माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ आली आहे, हिंदीत. मी विचारले तर म्हणाला, "आता हाताखाली दोन पोरं बिहारची आहेत. त्यांना मराठी वाचता येत नाही ना!"